रस्त्यापलीकडे उतरवलेले काका

या अंकाच्या संपादकबाई मला माझ्याच गाडीत भेटल्या. औंधला बसल्या, कर्वेनगरला उतरायचं होतं, आणि विद्यापीठाच्या चौकात आम्ही दोघी इतका वेळ अडकलो की मैत्री झाली नसती तरच नवल. उतरताना म्हणाल्या, "सुमनताई, अ‍ॅपवर गाडी चालवण्याचे फायदे-तोटे लिहून द्या आम्हाला." मी म्हटलं, "अहो, मी दहावी. तीसुद्धा बाहेरून बसून." त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." म्हणून बोलते तसं लिहितेय. गाडीत बसलेल्या माणसाला माझं बोलणं ऐकावंच लागतं, तुमचं तसं नाही, तुम्ही खुशाल पान उलटा.

फायदे-तोटे म्हटलं की कागदावर मधोमध रेघ मारायची असते ना? मी मारून पाहिली. डावीकडे लिहिलं, डोक्यावर कुणी साहेब नाही. मग लक्षात आलं की उजवीकडेही तेच लिहायला हवं. चूक झाली, अन्याय झाला, तर ज्याच्या टेबलासमोर जाऊन उभं राहावं असा साहेबच नाही. प्रत्येक गोष्टीचं असंच व्हायला लागलं, तेव्हा कागद फाडला. आता सरळ सांगते.

स्टिअरिंग माझ्या हातात आलं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. त्याआधी आयुष्यभर शिवणकाम. आमचे हे चिंचवडला कारखान्यात होते. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली, त्यात यांनी गाडी घेतली, टॅक्सी म्हणून पिवळ्या पाटीवर चढवली आणि चार वर्षं छान चालवली. मग साखर डोळ्यांत उतरली. आधी बोर्ड दिसेनात, मग सिग्नल दिसेना. गाडी विश्रांतवाडीच्या आमच्या बिल्डिंगखाली दोन महिने धूळ खात उभी. एक दिवस मी म्हटलं, "मी शिकते." हे म्हणाले, "शीक. पण आधी दुसऱ्याच्या गाडीवर."

ट्रेनिंगवाल्या सरांनी पहिल्याच दिवशी हात जोडले. "काकू, क्लच आहे तो. शिलाई मशीनचं पायडल नाही, सारखं मारू नका." पण शिकले. डोळे माझे आणि रस्ते यांचे पाठ, असा आमचा संसार नव्यानं सुरू झाला. अजूनही कुठं अडले की फोन लावते, "अहो, मी कोंढव्यात आहे, पुढे खणलंय." पलीकडून बसल्या जागेवरून उत्तर येतं, "डावीकडे मशिदीची गल्ली असेल, तिनं निघ." मॅप मागाहून तेच सांगतो.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फोनवर घंटी वाजते, काही सेकंदांत उचलायची. कुठून घ्यायचं ते दिसतं. तिथं गेलं की गिऱ्हाईक चार आकडी ओटीपी सांगतं, तो घातल्याशिवाय ट्रिप सुरूच होत नाही. उतरवलं की पडद्यावर बोट सरकवायचं, ट्रिप संपली. आणि संपली म्हणजे संपली. गिऱ्हाइकाला फोन लावायचं बटण त्या क्षणी नाहीसं होतं. नंबर आम्हाला कधी कळतच नाही. ही सोय चांगलीच आहे, नाहीतर कोण कुणाला केव्हा फोन करेल सांगता येत नाही. पण अजून एक आहे. गाडीतलं माणूस उतरायच्या आधीच पुढची ट्रिप गळ्यात पडते. एकाला सोडताना दुसरा वाट बघत उभा असतो, आणि तो किती मिनिटं उभा आहे ते पडद्यावर दिसत असतं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

बायकांसाठी एक तोटा आहे, तो पुरुष ड्रायव्हरांच्या गावीही नसतो. माझ्या डोक्यात पुण्याचा एक वेगळाच नकाशा आहे, स्वच्छ संडास कुठं कुठं आहेत त्याचा. कुठल्या पंपावर कडी लागते, कुठल्या मॉलचा वॉचमन हटकत नाही, सगळं पाठ. बाणेरच्या एका पंपावरची झाडूवाली मावशी तर माझी गाडी वळताना दिसली की किल्ली हातात काढून उभी राहते. सुरुवातीची दोन वर्षं मी दिवसभर पाणीच कमी प्यायचे. मग मूतखडा झाला आणि अक्कल आली.

ड्रायव्हर बाई बघून लोकांच्या तऱ्हा होतात. पोरी हुश्श करतात, चपला काढून पाय वर घेऊन बसतात, रडतात, आईला फोनवर शिव्या देतात, सगळं करतात. पुरुष मात्र पहिली पाच मिनिटं माझ्याबरोबर ब्रेक दाबतात. हातात बॅग घेतलेले एक गृहस्थ दार उघडून म्हणाले, "तुम्ही चालवणार?" मी म्हटलं, "नाही, तुम्ही चालवा. मी मागे बसते." बसले बिचारे.

आणि पुण्याचं गिऱ्हाईक म्हणजे काय सांगू! रस्ता त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "कुठून घेताय?" आपण काहीही सांगा, उत्तर एकच, "असं का?" त्या दोन शब्दांत आपली सगळी लायकी काढलेली असते. सदाशिव पेठेतल्या एक आजी मला म्हणाल्या, "मी इथं साठ वर्षं राहते. तुमचा मॅप केव्हा आला राहायला?" दुसऱ्या एका काकांनी उतरताना माझ्यासमोर चार तारे दिले. म्हटलं, काही चुकलं का? तर म्हणाले, "छे, उत्तम चालवता. पाच दिले की माणूस बिघडतो."

तर अशा प्रश्नांना माझे कान निबर झाले होते. कुणी "हा कुठला रस्ता?" म्हटलं की मला तो आपल्यावरचा संशयच वाटायचा. लांबून नेतेय, असं म्हणायचंय यांना. तोंडातून उत्तर आपोआप निघायचं, "मॅपच्या हिशेबानं चाललोय."

आता निकम काकांचं सांगते. खरं म्हणजे हेच सांगायचंय.

सकाळी दहाची वेळ. ट्रिप आमच्या विश्रांतवाडीतूनच होती, स्वारगेटच्या पुढे एका हृदयाच्या डॉक्टरांच्या क्लिनिकपर्यंत. बुकिंग एका बाईच्या नावानं. फोन केला तर म्हणाली, "मी बंगळूरहून बोलतेय, बसणार आहेत माझे बाबा. ओटीपी मी त्यांना सांगितलाय." खाली उभे होते. पंच्याहत्तरीचे असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात फाइल, तळहातावर पेनानं लिहिलेला ओटीपी. मला वाटलं, किती शिस्तीचा माणूस.

"पुढे बसू का? मागे बसलं की उगाच साहेब झाल्यासारखं वाटतं."

"बसा की काका."

गप्पा छान. बायको चार वर्षांपूर्वी गेली, स्वयंपाकाला बाई येते, लेक मेधा रोज दोनदा फोन करते. पस्तीस वर्षं यांचं स्वारगेटला सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. फ्रीव्हील म्हणजे काय, पायडल थांबलं तरी चाक कसं फिरत राहतं, हे त्यांनी मला हातवारे करून समजावलं. बंडगार्डनला म्हणाले, "हा कुठला रस्ता?" मी सांगितलं. कॅम्पात पुन्हा, "हा कुठला रस्ता?" सांगितला. शंकरशेठ रस्त्यावर तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी जरा तोडूनच बोलले, "काका, लांबून नाही नेत हो. तुमच्या लेकीला तिकडे बसून सगळा रस्ता दिसतोय."

"नाही नाही, तसं नाही," म्हणाले. खिडकीबाहेर बघत बसले.

स्वारगेट आलं. "हे कुठलं हो?"

"स्वारगेट, काका."

"अरे वा. बदललं."

मला त्यात काही वाटलं नाही. मेट्रोनं स्वारगेट खरंच बदललंय, मलाही कधी कधी लेन सापडत नाही.

क्लिनिक रस्त्याच्या पलीकडे होतं. मधे दुभाजक. वळवून आणायची तर पार पुढच्या चौकातून यावं लागणार, पंधरा मिनिटं कुठं गेली नाहीत. आणि पुढची ट्रिप मुकुंदनगरची, तिथली बाई सहा मिनिटांपासून उभी. पडद्यावर सहाचे सात झाले.

"काका, ते समोर दिसतंय ना क्लिनिक? गाडी वळवून आणायला फार वेळ लागेल. इथंच उतरून सिग्नलवरून जाता का?"

"समोरच तर आहे. जातो की." उतरले, दार हळूच लावलं, वाकून नमस्कार केला. मी बोट सरकवलं.

मुकुंदनगरची बाई चाळिशीची, पैठणी नेसलेली, गजरा, हातात हारांची पिशवी. रजिस्टर लग्नाला साक्षीदार म्हणून शिवाजीनगरला निघाली होती. टिळक रोडला लागलो आणि तिनं विचारलं, "कुठून घेताय?"

"जंगली महाराज रोडनं."

"असं का? आत्ता तिथं तुंबलेलं असतं. नदीपात्रातून काढा की."

आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बघा, ही बाई विचारते कारण हिला दुसरा रस्ता माहीत आहे. माझ्या गाडीत आजवर ज्यानं ज्यानं विचारलं, त्याच्याजवळ स्वतःचा एक रस्ता तयार होता. निकम काकांनी चार वेळा विचारलं आणि एकदाही म्हणाले नाहीत की असं नको, तसं घ्या. ज्या माणसानं स्वारगेटला पस्तीस वर्षं रोज शटर वर केलं, तो स्वारगेटला विचारतो, हे कुठलं? तो माझ्यावर संशय घेत नव्हता हो. तो घाबरला होता. आणि मी त्याला भर रहदारीच्या रस्त्यापलीकडे उतरवून आले होते.

गाडी कडेला घेतली. अ‍ॅप उघडलं. ट्रिप पूर्ण, नाव आहे, फोनचं बटण गेलेलं. मदतीचा नंबर लावला. तिथं आवाज म्हणतो, गाडीत वस्तू राहिली असेल तर एक दाबा. गाडीबाहेर माणूस राहिला असेल तर किती दाबायचं ते काही त्यात नव्हतं.

"काय झालं हो? बरं वाटत नाहीये का?" मागून बाई.

मी सांगितलं. जसं झालं तसं. म्हटलं, "ताई, तुम्हाला इथं दुसरी गाडी मिळेल. मला परत जायला हवं."

"मग वळवा ना! मला काय विचारत बसलाय?"

"तुमचं लग्न..."

"माझं नाही, मैत्रिणीचं. आणि त्यांनी सात वर्षं लावलीत ठरवायला. अजून अर्धा तास थांबतील. वळवा."

मी त्या दिवशी कशी चालवली ते माझं मला आठवत नाही. ताई मागे बसून दोन्ही बाजूंचे फुटपाथ बघत होत्या. "पांढरा शर्ट म्हणालात ना? पुण्यात सगळ्या काकांचा पांढराच शर्ट असतो हो." त्यांनी मला हसवायला म्हटलं असणार. मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढे एकच, बस, सिग्नल, आणि मधोमध गांगरून उभा म्हातारा.

काका कुठंही गेले नव्हते. जिथं उतरवलं होतं त्याच फुटपाथवर, त्याच जागी, उन्हात, डोक्यावर फाइल धरून उभे. चाळीस मिनिटं. मी गाडी थांबवली तसे हसले आणि म्हणाले, "आलात? बराच फेरा पडला का वळवायला?"

माझ्या बोलण्यातलं त्यांच्याजवळ एवढंच राहिलं होतं. गाडी वळवून आणणार. म्हणून ते वाट बघत थांबले होते.

ताई म्हणाल्या, "तुम्ही न्या त्यांना, गाडी मी बघते." मी काकांचा हात धरून सिग्नल ओलांडला. मागे ट्रॅफिक पोलीस आल्याचं दिसलं आणि ताईंचा आवाज ऐकू आला, "ओरडू नका, पेशंट आहे. मीच आहे असं समजा हवं तर."

क्लिनिकमधली काउंटरवरची मुलगी उभीच राहिली. "निकम काका! कुठे होतात? मेधाताईंचे तीन फोन येऊन गेले. आत्ता पण त्याच आहेत." तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तुम्ही आतपर्यंत सोडलंत का बाबांना? थँक्यू हो काकू. मी मीटिंगमध्ये आहे, अ‍ॅप बघितलंच नाही. इतका उशीर झाला, ट्रॅफिक होतं का?"

आता बघा, इथं मला बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या सुरक्षिततेची तक्रार गेली की आयडी बंद. बंद म्हणजे दुसऱ्या दिवशी फोनवर घंटीच वाजत नाही. कुणी बोलावून विचारत नाही, तुमची बाजू काय. आणि यांच्या डोळ्यांत दर महिन्याला इंजेक्शन चालू होतं. हे सगळं मी तेव्हा असं ओळीनं विचार करून ठरवलं नाही. तोंडातून निघालं, "हो ना, फार ट्रॅफिक होतं."

ताईंना लग्नाला पोचवलं, आणि काकांच्या ट्रिपला मला पाच तारे मिळाले. खाली लिहून आलं होतं, वडिलांची खूप काळजी घेतली.

घरी यांना सगळं सांगितलं. यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या मुलीला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

पुढच्या महिन्यात मेधाचाच फोन. काउंटरवरच्या मुलीनं माझा नंबर ठेवून घेतला होता. "काकू, बाबांना दर महिन्याला तुम्हीच न्याल का? अ‍ॅपवर कोण येईल भरवसा नसतो." मी हो म्हटलं. सलग दीड वर्ष नेलं.

आणि नीट नेलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. गाडी वळवून दारात लावायची. हाताला धरून काउंटरपर्यंत न्यायचं. फाइल घेतली का, चष्मा घेतला का, वर जाऊन बघायचं. डॉक्टरांना काय सांगायचंय त्याची त्यांच्याकडून वाटेतच उजळणी करून घ्यायची. "काका, रात्री पाय सुजतात म्हणालात ना, ते सांगा." डॉक्टरांपाशी पाच मिनिटं. डॉक्टर विचारायचे, "कसं काय निकम?" काका म्हणायचे, "एकदम मस्त!" आणि माझ्याकडून घोकलेलं सगळं सांगायचे. फ्रीव्हीलची गोष्ट मी दर खेपेला नव्यानं ऐकली. पुढे पुढे त्यांना स्वतःचा मजला आठवेना, तेव्हा लिफ्टचं बटणही मीच दाबायला लागले.

मला वाटायचं, मी माझी चूक फेडतेय. माझ्या ध्यानातच आलं नाही की मी त्यांचं विसरणं झाकतेय. लेकीशी फोनवर ते छान बोलायचे. डॉक्टरांपुढे छान बोलायचे. ज्या ठिकाणी ते अडखळायचे तिथं प्रत्येक वेळी मी उभी असायचे.

गेल्या वर्षी मेधा चार दिवस आली. क्लिनिकला निघालो, काका नेहमीसारखे पुढे, ती मागे. गोड मुलगी, वडिलांसारखीच बोलकी. म्हणाली, "काकू, आता तुम्हाला जरा जास्त बघावं लागेल बाबांकडे. कंपनी मला दोन वर्षं जर्मनीला पाठवतेय. आधी नकोच म्हणणार होते. पण बाबा इतके ठणठणीत आहेत, आणि तुम्ही आहातच. परवा कागदांवर सही करतेय."

काका म्हणाले, "जा गं. माझं काय, मी मस्त आहे."

मी आरशात तिच्याकडे बघितलं आणि गाडी हळू केली.

क्लिनिकमध्ये काकांना हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला आत नेलं. मेधा गाडीत राहिलेली पाण्याची बाटली घ्यायला बाहेर आली. मी म्हटलं, "मेधाताई, दोन मिनिटं बसा." आणि सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं. रस्त्यापलीकडे उतरवलेलं, चाळीस मिनिटं, ऊन, फाइल, सगळं. आणि त्यानंतरचं लिफ्टच्या बटणापर्यंतचं.

तिनं बाटली मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, ट्रॅफिक होतं का."

"हो."

"तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"दीड वर्ष काकू! दर महिन्याला मी तुम्हाला फोन करून विचारत होते, बाबा कसे आहेत. तुम्ही म्हणायचात, छान आहेत."

"तुम्ही मला काढून टाकाल असं वाटायचं."

"काढलंच असतं," ती म्हणाली. "पण मला कळलं तरी असतं."



ती उतरली, दार लावलं, चार पावलं गेली आणि परत आली. "गाडी नीट लावा आणि आत या. हे मला डॉक्टरांना सांगता येणार नाही. मी पाहिलंच नाहीये काही."

आत गेले. काका पडद्यामागे शर्टाची बटणं लावत होते, त्यांना काउंटरवरच्या मुलीनं बाहेर चहाला बसवलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा. पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" मी बोलायला लागले. कुठल्या महिन्यात काय विसरले, कोणता रस्ता आधी गेला आणि कोणता नंतर, मजला कधीपासून, लेकीचं नाव दोनदा अडलं ते केव्हा. मला सगळं तारीखवार येत होतं. मला स्वतःचीच लाज वाटत होती की इतकं सगळं मला येतंय. डॉक्टर लिहीत राहिले. पेन ठेवून एवढंच म्हणाले, "हे सुरुवातीला कळलं असतं तर बरं झालं असतं." रागानं नाही. साखर कमी घ्या म्हणावं तसं. मेंदूच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, दुसऱ्याच दिवशी सकाळची वेळ घेऊन दिली.

परतताना गाडीत काका एकटेच बोलत होते. विश्रांतवाडीला उतरले. मेधानं त्यांना लिफ्टपाशी उभं केलं आणि खिडकीपाशी आली.

"उद्या सकाळी नऊला त्या डॉक्टरांकडे निघायचंय."

"येते मी. साडेआठलाच येते."

"नको. अ‍ॅपवरून करते." मग म्हणाली, "म्हणजे कुठं काय झालं त्याची नोंद राहील."

बरोबर होतं तिचं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी तिच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसले. जवळची गाडी बघून ट्रिप देतात, म्हटलं, कदाचित मलाच लागेल. धानोरीची एक घंटी वाजली, सोडून दिली. टिंगरेनगरची वाजली, तीही सोडली. नऊला पाच कमी असताना माझ्या शेजारून एक पांढरी गाडी गल्लीत वळली आणि काकांच्या बिल्डिंगखाली थांबली. आमच्याच अ‍ॅपची. दोन घंट्या सोडल्या की तिसरी आपल्याला देत नाहीत, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

मी उतरून चालत गेले. ड्रायव्हर पन्नाशीचा, मिशा, काच खाली करून काकांची वाट बघत होता. मी म्हटलं, "दादा, आत्ता येतील ते काका विसरतात. रस्त्यात काही विचारलं तर चिडू नका, दर वेळी नीट सांगा. आणि सोडाल ते दारात सोडा. वळसा पडला तरी चालेल. आत जाईपर्यंत ट्रिप संपवू नका."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घरच्या का तुम्ही?"

"नाही हो. मी पण ड्रायव्हरच."

त्यानं स्टँडवरच्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुढची ट्रिप लागलीय ताई मला."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच सांगायला आले."

जिन्याच्या दारातून मेधा आणि काका बाहेर येत होते. मी बाजूला झाले. तो माणूस खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि त्यानं काकांसाठी पुढचं दार उघडून धरलं.